जायफळ घातलेली कॉफी

मुलुंड (पूर्व)
११ नोव्हेंबर २०२४

ती. माणिककाकांना गार्गीचा नमस्कार.

मी पास झाले! अरबीची मध्यम पातळी. घाटकोपरच्या क्लासात सुरुवातीला बसायला जागा नव्हती, परीक्षेपर्यंत उरलो मी आणि निहार. निहारला दुबईत नोकरी हवी आहे, मला घराशेजारी मुलुंडातच मिळाली, म्हणून तो माझ्यावर जळतो. तुम्ही कॅलेंडरच्या पाठीवर मला अलिफ-बे काढून दिलं तेव्हा मी दुसरीत होते, आणि आई म्हणाली होती, ‘भावोजी, पोरीला उलटं लिहायला कशाला शिकवताय?’ आता ते मी तिला अधूनमधून ऐकवते.

काम हॉस्पिटलात आहे. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या पेशंटांचा वेगळा विभाग आहे, तिथे मी दुभाषी. डॉक्टर बोलतात ते मी अरबीत सांगायचं, पेशंट बोलतो ते डॉक्टरांना. आमच्या पुस्तकात ‘डॉक्टरकडे’ असा एक धडा होता. त्यात अहमदचा दात दुखतो आणि पान उलटायच्या आत थांबतो. इथे तसं काही होत नाही.

सध्या माझ्याकडे एक इराकी जोडपं आहे. सामावाच्या बाजूचं, म्हणजे तुम्ही कालव्याच्या कामावर होतात त्याच मुलखातलं. तिकडे आईबापांना थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात असं तुम्हीच सांगायचात. तर ही उम्म मुहन्नद आणि तिचा नवरा अबू मुहन्नद. ती चाळिशीची असेल. स्वादुपिंडाचा कॅन्सर. मुहन्नद कॉलेजात आहे, धाकटी रफल नऊ वर्षांची, दोघं तिकडे आजीजवळ. हे दोघं नाहूर स्टेशनजवळ भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. ती फार गोड बाई आहे हो. मी बोलायला लागले की हसते, ‘तू बातम्या दिल्यासारखी बोलतेस’ म्हणते. कसं काय चाललंय असं विचारायचं तर माझं पुस्तकी वाक्य हातभर लांब, आणि तिचं नुसतं ‘शकू माकू?’ मला आधी वाटलं, दोन बहिणींबद्दल विचारते आहे.

गेल्या गुरुवारी डॉ. अस्मिता मॅडमनी अबू मुहन्नदला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. औषध लागू पडत नाही, आता थांबवलेलं बरं. अजून काही आठवडे ती प्रवास करू शकेल, तेवढ्यात घरी न्या, मुलांजवळ राहू दे. हे मला अरबीत सांगायचं होतं. सांगितलं. कसं सांगितलं ते विचारू नका. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही केलंय. मॅडम म्हणाल्या, तिला कसं सांगायचं ते घरच्यांनी ठरवा, पण लवकर ठरवा.

केबिनबाहेर आल्यावर त्यानं विचारलं, ‘तुझ्या वडिलांचं घर कुठे आहे?’ आणि काल रविवारी तो आला. पांढरा कडक इस्त्रीचा झगा, डोक्यावर रुमाल, त्यावर काळं कडं. रिक्षातून उतरला तर वॉचमननं चक्क सलाम ठोकला. बाबांनी निरोपसमारंभाचा शर्ट घातला होता. अरब लोक कॉफी पितात एवढं आईला माहीत, म्हणून तिनं आपली केली, दूध, साखर आणि वर जायफळ. त्यानं कप घेतला, टीपॉयवर ठेवला आणि बाबांशी बोलायला लागला. खाली मान घालून, भरभर, गावाकडच्या बोलीत. मला कळलं ते एवढंच: तुमचं घर, तुमची मुलगी, तिची जीभ, माझी बायको, एक मागणं. बाकी वाहून गेलं. मध्यम पातळीची माणसं करतात ते मी केलं. मान हलवली. नअम, नअम, म्हणजे हो, हो.

आईचं लक्ष कपाकडे. साय धरायला लागली होती. ‘अगं सांग ना त्यांना, घ्या ना, गार होतेय!’ बाबांना राहवलं नाही. त्यांनी स्वतः कप उचलून त्याच्या हातात दिला आणि सकाळी मी शिकवलेला एकुलता एक शब्द वापरून टाकला, ‘इश्रब, इश्रब.’ प्या, प्या. तो बाबांकडे बघत राहिला, मग सायीसकट कॉफी एका दमात प्यायला, उठला आणि बाबांच्या खांद्याचं चुंबन घेऊन रडायलाच लागला. बाबांना काय करावं कळेना, त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. आई कालपासून सांगते आहे की माझ्या कॉफीनं पुरुषमाणूस रडतो.

बिचारा आभार मानायला आला असणार. पण खांद्याचं चुंबन म्हणजे काय हो काका? पुस्तकात गालापर्यंतच आहे.

तुमची,
गार्गी


आचरे
१७ नोव्हेंबर

चि. गार्गीस आशीर्वाद.

पास झालीस, शाबास. आता नीट बसून वाच.

पोस्टमन लवूनं तुझं पत्र आणून दिलं तेव्हा मी जेवत होतो. अहमदच्या दातापर्यंत हसत होतो. कॉफीपाशी आलो आणि हात ताटातच वाळला.

अगो, तुमच्या घरात काय झालं ते तुम्हाला कुणालाच कळलेलं नाही. मी तिकडे बोरूच्या काड्यांनी बांधलेल्या लांबलचक बैठकीत हे डोळ्यांनी पाहिलं आहे. कुणी मोठं काही मागायला आला की त्याला कॉफी देतात. तो कप घेतो आणि न पिता पुढ्यात ठेवतो. याचा अर्थ, माझं एक मागणं आहे, ते दिलंत तर पिईन. घरधनी ऐकून घेतो. द्यायचं नसेल तर तसं सांगतो, मग पाहुणा भरलेला कप तसाच ठेवून उठतो. द्यायचं असेल तर एवढंच म्हणतो, ‘इश्रब गहवतक.’ तुझी कॉफी पी. संपलं. शब्द गेला. त्यावर सही नको, साक्षीदार नको, आणि माघार तर नाहीच. आमच्या कंपनीच्या ट्रकखाली एका धनगराचा पोरगा सापडला, पाय गेला त्याचा. आमचा मुकादम त्या बैठकीत कप पुढ्यात ठेवून बसला होता. म्हातारा बाप बराच वेळ त्या कपाकडे बघत होता, मग म्हणाला, पी. आमच्या ड्रायव्हरला पुन्हा कुणी बोटही लावलं नाही.

आणि तुझ्या बापानं, आमच्या नंदूनं, काय केलं? कप उचलून त्याच्या हातात दिला! तिकडचे शेखसुद्धा एवढं करत नाहीत. खांद्याचं चुंबन उगीच नाही घेतलं त्यानं.

तू मान हलवलीस म्हणून मी रागावत नाही. पहिल्या वर्षी मीही अशीच मान हलवली आणि एक मेंढी विकत घेऊन बसलो होतो. पण आता आधी शोधून काढ, त्यानं मागितलं काय. बहुतेक वेळा हे मुलीला मागणी घालताना करतात. त्याचा मुलगा कॉलेजात आहे म्हणालीस. कितवीत? थट्टा सोड, बायको अशी आजारी असताना सोयरीक जुळवायला येणारा तो माणूस नसावा. दुसरंच काही असणार. सरळ जाऊन विचार, लाजू नकोस.

लवूच्या मोबाइलवर मला काही पाठवू नकोस. त्याच्या मोबाइलवर येतं ते तिन्हीसांजेच्या आत गावभर होतं. फोनही नको, माझे कान आता शोभेपुरते आहेत. पत्रच लिही, उशीर झाला तरी चालेल.

माणिककाका


मुलुंड
२४ नोव्हेंबर

काका,

उशीर झाला तर चालणार नाहीये. लग्नाची मागणी असती तर किती बरं झालं असतं.

तुमचं पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी मी अबू मुहन्नदला पाण्याच्या कूलरपाशी गाठलं. माझ्या बातम्यांच्या अरबीत, एकेक शब्द तोलून विचारलं, ‘तुम्ही माझ्या वडिलांकडे काय मागितलं?’ त्याला नवल वाटलं. लहान मुलाला सांगतात तसं सावकाश त्यानं सांगितलं. ‘मी म्हटलं, माझ्या बायकोला तिचं मरण तुमच्या मुलीच्या जिभेवरून कळू नये. हे दिलंत तरच तुमची कॉफी पिईन. तुझ्या वडिलांनी स्वतःच्या हातानं कप दिला. देव त्यांचं घर भरलेलं ठेवो.’

काका, डॉक्टरांना अरबी येत नाही. नर्सना येत नाही. तिला इंग्रजी येत नाही, हिंदी येत नाही. तिच्या आजाराची प्रत्येक गोष्ट माझ्या तोंडातूनच तिच्यापर्यंत जाते. म्हणजे आता जातच नाही. शुक्रवारी मॅडम तिला म्हणाल्या, आपण औषध थांबवलंय. अबू मुहन्नद माझ्याकडे बघत उभा. मी तिला म्हटलं, औषधाला थोडे दिवस सुट्टी. ती खूश झाली. म्हणाली, सुट्टीच आहे तर मी एवढ्यात घरी जाऊन येऊ का? तो लगेच म्हणाला, सुट्टीत आपण दिल्लीला जायचंय, तिथे एक नवीन औषध आहे. मी मॅडमना दिल्लीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, दिल्लीला नेऊन काय होणार, प्रवासाचे दिवस तेवढे संपतील. तेही त्याला मीच अरबीत सांगितलं. तो म्हणाला, देव मोठा आहे.

मॅडमना मी सगळं खरं सांगितलं. त्यांना वाटलं दुसरा दुभाषी आणावा. अबू मुहन्नदला सुगावा लागला. तो एवढंच म्हणाला की दुसरा माणूस दिसला तर त्याच दिवशी इथलं सगळं आवरून तिला घेऊन जाईन. मॅडमनी हात टेकले.

ती रोज व्हिडिओ कॉलवर लेकीला रागावते. आजीचे हात कापतात, तिला वेणी जमत नाही, म्हणून रफल केस कसेतरी बांधून शाळेत जाते. ‘मी आले की बघते तुझ्या त्या झाडूकडे,’ असं म्हणते. काल मला म्हणाली, ‘तू हल्ली माझ्या डोळ्यांत का बघत नाहीस?’ मी म्हटलं, काम फार आहे. बघा, खोटं बोलायला मला मध्यम पातळी पुरते.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, ‘अगं, मी फक्त कॉफी घ्या म्हटलं!’ आई डोळे पुसत म्हणाली, ‘दारात आलेल्याला घ्या नको म्हणू तर काय म्हणू?’ मी म्हटलं, आपल्याला माहीतच नव्हतं, तर तो शब्द कसला? मी उद्या जाऊन तिला सांगते. तर बाबा नाही म्हणाले. तो आपल्या खांद्यावर रडलाय, त्याला आता माहीत नव्हतं म्हणून सांगायचं? आणि मग म्हणाले, ‘लपवल्यावर काय होतं ते मला माहीत आहे.’ एवढं बोलून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी विचारलं तर म्हणाले, दादाला विचार, म्हणजे तुम्हाला.

काका, सांगितलं तर बाबांचा शब्द जातो. नाही सांगितलं तर ती मुलांना न भेटता कुठल्यातरी परक्या गावात जाईल आणि त्यात माझा हात असेल. मला काहीच सुचत नाही. काहीतरी सांगा.

गार्गी


आचरे
२९ नोव्हेंबर

चि. गार्गी,

नंदू काय म्हणाला ते मला कळलं. तुला कुणी सांगितलं नसणार, कारण आमच्याकडे ते कुणी बोलत नाही.

मी सामावाला होतो तेव्हा तुझी शेवंतीकाकू आजारी पडली. तिला मुंबईला आणून डॉक्टरला दाखवलं. पोटात गाठ होती. मोठ्यांनी ठरवलं, तिला सांगायचं नाही, धास्ती घेईल. मलाही सांगायचं नाही, परमुलखात एकटा आहे. कॅम्पातून अधूनमधून फोन लागायचा. नंदू बोलायचा, ‘सगळं ठीक, वहिनी माहेरी गेलीय.’ तो तेव्हा कोवळा पोर होता, मोठ्यांनी शिकवलं ते बोलला. मी पोचलो तेव्हा तेरावं उरकलं होतं आणि अंगणात मांडव तसाच होता.

त्याचा राग कधीच गेला. एक गोष्ट मात्र जात नाही. तिला मला काही सांगायचं होतं का, हे मला माहीत नाही. तिलाही ते कळलं नसेल, कारण सांगायची वेळ आली आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. काही तरी असणारच. निदान कुठल्या कपाटाची किल्ली कुठे आहे, एवढं तरी असेल. मी ते अजून मनात शोधतो.

म्हणून माझं मन म्हणतं, धाव आणि तिला सांगून टाक. पण तसं करू नकोस. तिकडे शब्द मोडलेल्या घराचं कुणी काही ऐकत नाही. तो तिला म्हणेल, ही पोरगी खोटारडी, आणि ती बिचारी नवऱ्यावर विश्वास ठेवेल की तुझ्यावर?

एकच वाट आहे. शब्द कॉफीवर गेला, तो कॉफीवरच परत मागायचा. तू आणि नंदू त्याच्या घरी जा. तो कॉफी करील, केल्याशिवाय राहणार नाही. कप घ्या आणि न पिता खाली ठेवा. मग बोला. आमचा शब्द आम्हाला परत दे म्हणा. तो ‘पी’ म्हणाला तर सुटलात. नाही म्हणाला तर कप तसाच ठेवून या. मग मात्र माझ्याकडेही काही नाही.

आणि नंदूला बजाव. कॉफी दिसली की त्याचा हात आपोआप तोंडाकडे जातो. एक घोट जरी गेला तरी सगळी वाट लागेल.

माणिककाका


मुलुंड
८ डिसेंबर

काका,

तुमचं पत्र बाबांनी माझ्या हातातून घेऊन वाचलं आणि परत दिलंच नाही. ते त्यांच्या शर्टाच्या खिशात आहे. काल संध्याकाळी तोच निरोपसमारंभाचा शर्ट त्यांनी स्वतः इस्त्री केला आणि म्हणाले, चल.

नाहूरचा तो फ्लॅट म्हणजे बाहेरची खोली, आतली खोली आणि स्वयंपाकाचा ओटा. ती आत पलंगावर होती, दार अर्धं उघडं. गेल्या आठ दिवसांत फार उतरली आहे. दिल्लीची तिकिटं टेबलावर ठेवलेली. अबू मुहन्नदला आम्हाला बघून खरोखर आनंद झाला. त्यानं वेलची घालून कॉफी उकळली, घरून आणलेल्या बिनकानाच्या इवल्या कपांत ओतली, आणि आधी बाबांना दिली. आणि काका, बाबांनी कप थेट ओठांशी नेला. मी गुडघ्यानं हळूच ढकललं. त्यांनी दचकून तो खाली सतरंजीवर ठेवला. मी माझा त्याच्या शेजारी ठेवला.

त्याचा चेहरा बदलला. त्याला सांगावं लागलं नाही. तो समोर बसला. मी पाठ करून नेलेलं बोलले. तुम्ही मागितलं तेव्हा मला समजलं नव्हतं आणि मी मान हलवली, ती चूक माझी. तरी शब्द आम्ही पाळला. आता तो आम्हाला परत द्या, तिला घरी जाऊ द्या.

त्यानं नाही अशी मान हलवली. मग म्हणाला, ‘दुसरं काहीही माग. माझं घर माग.’ मी म्हटलं, दुसरं काही नको. तो म्हणाला, ‘तिला कळलं की ती जेवायची थांबेल. माझ्या आईचं तसंच झालं होतं. मी ते पुन्हा बघू शकत नाही.’ शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. अचानक ते मराठीत बोलायला लागले. आमची वहिनी, आम्ही तिला सांगितलं नाही, भावालाही सांगितलं नाही, तो आला तेव्हा मांडव काढायचा राहिला होता. मी वाक्यामागून वाक्य अरबीत करत गेले. काका, तुमची गोष्ट मी परक्या भाषेत सांगत होते आणि बाबा ती आयुष्यात पहिल्यांदा सांगत होते. अबू मुहन्नदनं रुमालाच्या टोकानं तोंड झाकलं. पण ‘पी’ म्हणाला नाही. कपांवरची वाफ केव्हाच गेली होती. मी बाबांकडे पाहिलं, त्यांनी डोळ्यांनी खूण केली, उठूया.

तेवढ्यात ती भिंतीला धरून दारात आली. आम्ही काय बोललो ते तिनं किती ऐकलं मला माहीत नाही. तिनं खाली पाहिलं. दोन कप, दोन्ही भरलेले. मग तोंड झाकून बसलेला नवरा. मग मी. काका, ती त्याच मुलखातली आहे. दुभाष्याच्या घरची माणसं कप ठेवून बसली आहेत आणि तिच्या नवऱ्याला ते देववत नाही, असं मागणं दुसरं कुठलं असणार? तिनं काही विचारलं नाही. सावकाश येऊन माझ्यासमोर बसली, माझा कप उचलून माझ्या हातात दिला. ‘इश्रबी, बिन्ती.’ पी, पोरी. मग बाबांना कप दिला.

आम्ही प्यायलो. कडू आणि थंडगार होती. मला रडू आवरेना. तिनं विचारलं, ‘किती दिवस?’ मी सांगितलं, थोडे. पहिल्यांदाच माझं वाक्य बातम्यांसारखं झालं नसावं, कारण ती हसली नाही. नवऱ्याच्या पाठीवर तिनं हात फिरवला, तो लहान मुलासारखा रडत होता. मला म्हणाली, ‘डॉक्टरीणबाईंना सांग, मला घरी जायचंय.’

दिल्लीची तिकिटं रद्द झाली. उद्या मी इराकच्या विमानाचं बघते.

गार्गी


आचरे
१३ डिसेंबर

चि. गार्गी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नंदूनं सांगितलं, बरं झालं. त्याला म्हणावं, पत्र खिशात ठेवून धुवायला टाकू नकोस.

ती बाई मोठी. एवढ्यात ती घरी पोचली असेल, लेकीजवळ. पोचल्याचं कळलं की लगेच लिही. मी रोज लवूची वाट बघतो.

नंदूला म्हणावं, एकदा इकडे ये. कॉफी मी करीन, तू खुशाल पी.

माणिककाका


मुलुंड
२२ डिसेंबर

काका,

ती पोचली नाही.

विमान कंपनीनं प्रवासाला हरकत नसल्याचा डॉक्टरचा दाखला मागितला. तो मिळायच्या आदल्या दिवशी तिच्या छातीत पाणी झालं. मॅडम म्हणाल्या, आता हवेत टिकणार नाही. मग मुलांना इकडे आणायचं ठरलं. व्हिसाचे कागद मी अरबीतून इंग्रजीत केले, इंग्रजीतून अरबीत केले, हात जोडून फोन केले. सगळे चांगलं बोलले. मुलं आली नाहीत. आधी कळलं असतं तर, असं मी मनात शंभर वेळा म्हटलं, तुम्हाला एकदाच लिहिते.

पण तिला माहीत होतं, म्हणून तिनं एक केलं. उशीला टेकवून फोन लावायला मला सांगितला आणि रफलला स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकवायला बसली. तिकडे शाळेला निघायची वेळ असायची तेव्हा रोज. आरशात बघू नको, बोटांनी बघ. उजवा पेड वर, डावा वर, घट्ट ओढ. पोरगी पहिल्या दिवशी रडली, ‘मला जमत नाही, तू येशील तेव्हा तूच घाल.’ ती म्हणाली, ‘मी येणार नाहीये, बेटा. सोड आणि पुन्हा घाल.’ मी तिथेच उभी होते. सगळं समजत होतं आणि माझं तिथे काहीही काम नव्हतं. एके दिवशी वेणी सरळ आली. रफलनं मान वळवून दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, जा, उशीर होईल. मंगळवारी पहाटे ती गेली. जेवण तिनं शेवटपर्यंत थांबवलं नव्हतं, हे अबू मुहन्नद मला पुन्हा पुन्हा सांगत होता.

पेटी विमानानं न्यायचे कागदही मीच केले. ‘डॉक्टरकडे’ या धड्यात त्यातला एकही शब्द नव्हता, आता सगळे पाठ झालेत.

निघायच्या आधी तो घरी आला. तोच पांढरा झगा, पण चुरगळलेला. बाबा त्याच्याशेजारी बसले, बोलायला दोघांकडे भाषा नव्हती. आईनं मला आत बोलावून हळूच विचारलं, ‘कॉफी देऊ की नको गं?’ आईला घरातल्या कॉफीची भीती वाटत होती. मी म्हटलं, दे. जायफळ घालून दे.

तिनं कप टीपॉयवर ठेवला आणि पदर हातात धरून उभी राहिली. आलेल्या माणसाला ‘घ्या ना’ म्हणाली नाही, असं मी आईला पहिल्यांदाच पाहिलं. आम्ही तिघं त्या कपाकडे बघत होतो.

त्यानं कप उचलला आणि लगेच पिऊन टाकला. मागायचं काही उरलं नव्हतं.

तुमची,
गार्गी